सॉकेटची सोयरीक

माझा कॉम्प्युटर अकरा वर्षांचा झाला आणि एका सकाळी त्याला अपात्र ठरवण्यात आलं. पडद्यावरचा निरोप अगदी सभ्य होता : हा पीसी विंडोज ११ च्या किमान गरजा पूर्ण करत नाही. आत इंटेलचा चौथ्या पिढीचा कोअर आय-फाइव्ह प्रोसेसर, २०१४ सालचा. आणि नव्या विंडोजला इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचं सहसा कुणी दारात उभं राहिलेलं खपत नाही. विंडोज १० ची सेवा १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. म्हणजे यंत्र धडधाकट, चारही कोअर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) रोज कामावर हजर, पण नियत वयोमान झालं, आता घरी बसा.

हे मी भाच्याला सांगितलं. ही पहिली चूक.

“रायझन घे मावशी. विषय संपला,” तो म्हणाला.

विषय अर्थातच तिथून सुरू झाला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात एका ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या कानावर गेलं. हे गृहस्थ आपले कॉम्प्युटर स्वतः जोडतात, स्क्रू ड्रायव्हरचा संच ड्रॉवरमध्ये बाळगतात. “इंटेलच घ्या हो. उगाच प्रयोग कशाला?” प्रयोग! रायझन बनवणारी एएमडी ही कंपनी १९६९ सालची. इंटेल तिच्यापेक्षा एका वर्षाने मोठी. छप्पन्न वर्षं झाली तरी धाकटीचं आपलं प्रयोगच चालू आहेत.

पुढचे तीन आठवडे मी आलेख बघत काढले. माझं काम काय, तर भाषांतर. एका वेळी तीस-पस्तीस टॅब उघडे, दोन शब्दकोश, एक मोठी फाइल. सुट्टीच्या दिवशी फोनवरचे व्हिडिओ कापून जोडायचे. पण आलेख सगळे खेळांचे. कुठल्या प्रोसेसरवर सेकंदाला किती चौकटी दिसतात, याच्या रंगीत पट्ट्या. मी आयुष्यात पत्त्यांच्या पलीकडे कॉम्प्युटरवर काही खेळलेले नाही, तरी कोणाची पट्टी चार बोटं लांब आहे हे पाहून माझं मत हलायचं. एकदा उत्सुकतेने टास्क मॅनेजर उघडून पाहिला. मी एका शब्दावर अडून खिडकीबाहेर बघत होते, आणि म्हातारा आय-फाइव्ह तीन टक्के कामात होता. त्या तीनांतही टास्क मॅनेजरचा वाटा असणार.

भाच्याकडे नावापुढे एक्स-थ्री-डी लावलेला रायझन आहे. त्याचं कौतुक त्याने मला दोनदा समजावून सांगितलं, आणि दुसऱ्यांदा मला ते खरंच कळलं. प्रोसेसरला सतत लागणारी माहिती रॅममधून आणायला वेळ लागतो, म्हणून थोडी माहिती तो स्वतःजवळच, कॅशमध्ये ठेवतो. एएमडीने २०२२ मध्ये त्या कॅशवर आणखी ६४ मेगाबाइटचा एक मजला चढवला. मी म्हटलं, म्हणजे कपाटातला शब्दकोश टेबलावर आणून ठेवला. “हां, तसंच समज,” तो म्हणाला, पण टेबलावरच्या शब्दकोशाने खेळ कसा पळतो याबद्दल माझ्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही, म्हणून तो जरा हिरमुसला.

या दोघांचं ऐकता ऐकता माझ्या एक गोष्ट लक्षात आली. सहकारी जे सांगत होते ते खोटं नव्हतं, फक्त २०११ चं होतं. त्या वर्षी एएमडीने बुलडोझर नावाची रचना आणली. आठ कोअरचा गाजावाजा झाला, आणि प्रत्यक्षात ती तापायची जास्त आणि पळायची कमी. ते मत त्यांनी तेव्हा बनवलं आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलं. भाच्याचं मत २०१७ चं. त्या वर्षी रायझन आला, आणि मुख्य बाजारात वर्षानुवर्षं चार कोअरवर बसलेल्या इंटेलला हलावं लागलं. तेव्हा तो शाळेत होता, त्या वयात जो संघ जिंकतो तो आपला होतो. पारडं तर सारखंच वर-खाली होत आलेलं आहे. २००० च्या मार्चमध्ये एक गिगाहर्ट्झचा टप्पा एएमडीने आधी गाठला, इंटेल दोन दिवसांनी. मग पेंटियम फोरला दहा गिगाहर्ट्झपर्यंत न्यायची स्वप्नं होती, तो चारच्या अलीकडेच उष्णतेने अडला. २००६ मध्ये कोअर टू आला आणि इंटेलने सगळं भरून काढलं. २०२४ मध्ये त्याच इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतले काही प्रोसेसर व्होल्टेजच्या घोळामुळे हळूहळू अस्थिर होतात असं निघालं, कंपनीला दुरुस्तीचा मायक्रोकोड द्यावा लागला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. कोण चांगलं, हे कुठल्या साली विचारता त्यावर आहे. आणि माणूस सहसा ज्या साली त्याने शेवटचा कॉम्प्युटर जोडला, त्याच सालात राहतो.

माझं साल १९९८. पहिला कॉम्प्युटर, आत एएमडीचा के-सिक्स-टू. तो ज्या सॉकेटवर, म्हणजे मदरबोर्डावरच्या प्रोसेसरच्या बैठकीवर, बसला होता ते सॉकेट-सेव्हन म्हणजे मूळचं इंटेलच्या पेंटियमचं. तेव्हा एकाच बोर्डावर दोघांपैकी कुणीही बसत असे. बोर्डावरचे बारके जंपर इकडून तिकडे लावायचे, की झालं. आज हे सांगितलं तर भाच्याला थाप वाटते. पुढे इंटेलने पेंटियम टूसाठी स्लॉट-वन काढला आणि तो इतरांना वापरू दिला नाही. एएमडीने १९९९ मध्ये काय करावं? तोच कनेक्टर उलटा फिरवून बसवला आणि त्याला स्लॉट-ए म्हटलं. बोर्ड बनवणाऱ्यांना सुटे भाग तेच चालावेत, पण चुकून शेजाऱ्याचा प्रोसेसर घरात शिरू नये. भाऊबंदकीत अंगणात भिंत घालतात, विटा मात्र जुन्याच वाड्याच्या, तसं.

वाडाही एकच होता. दोन्ही कंपन्या फेअरचाइल्ड सेमीकंडक्टरमधून बाहेर पडलेल्या माणसांनी काढल्या. १९६८ मध्ये रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर यांनी इंटेल, पुढच्या वर्षी जेरी सँडर्स आणि सहकाऱ्यांनी एएमडी. आयबीएमने पीसी काढला तेव्हा त्यांना एकाच पुरवठादारावर विसंबायचं नव्हतं, म्हणून इंटेलची रचना एएमडीनेही बनवायची, असा १९८२ मध्ये रीतसर करार झाला. १९८५ मध्ये ३८६ हा प्रोसेसर आला तेव्हा इंटेलने हात आखडता घेतला, आणि मग वर्षानुवर्षं लवाद आणि कोर्टकचेऱ्या. ३८६ सारख्या नुसत्या आकड्यावर हक्क सांगता येत नाही हे त्यातच कळलं, म्हणून त्या जुन्या मालिकेच्या पाचव्या पिढीला ५८६ न म्हणता १९९३ मध्ये पेंटियम म्हणायची वेळ आली. आकड्यांचं भांडण तिथे मिटलं असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं.

निवड करताना खरी मेख ही की प्रोसेसर एकटा येत नाही. ही सोयरीक असते. तो आला की त्याच्या मापाच्या सॉकेटचा मदरबोर्ड आला, बोर्डाबरोबर रॅमची जात ठरली, कूलरचे ब्रॅकेट आले. माझी जुनी रॅम डीडीआर-थ्री, ती आता कुणाच्याच उपयोगाची नाही. कॅबिनेट, कीबोर्ड आणि मी एवढेच मागून पुढे जाणार होतो.

इथे भाच्याचा हुकमी एक्का होता. “इंटेलवाले दर दोन पिढ्यांनी सॉकेट बदलतात.” ते बरंचसं खरं आहे. माझ्या प्रोसेसरचं सॉकेट ११५०. त्यानंतर ११५१, १२००, १७००, १८५१. त्यातही ११५१ दोन तऱ्हेचं, पिना तेवढ्याच पण २०१७ च्या आठव्या पिढीला नवाच बोर्ड लागायचा. उलट एएमडीचं एएम-फोर हे सॉकेट पहिल्या रायझनपासून पाच वर्षं टिकलं. २०१७ च्या कित्येक बोर्डांवर नुसतं बायोस (बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करून २०२२ चा प्रोसेसर बसवता आला. “म्हणजे तू आत्ता त्याच्या पुढचं एएम-फाइव्ह घेतलंस की चार वर्षांनी नुसता प्रोसेसर बदलायचा!”

मी रात्रभर या चार वर्षांनंतरच्या मावशीचा विचार केला. ती प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये लावायच्या पेस्टची नळी हातात घेऊन कॅबिनेट उघडून बसली आहे, असं काही केल्या दिसेना. मी आजवर तीन कॉम्प्युटर वापरले आणि एकदाही नुसता प्रोसेसर बदललेला नाही. पुरता थकेपर्यंत वापरायचा आणि मग सगळंच नवं, ही माझी पद्धत. तरी त्या शक्यतेने मला जिंकलं. वापरायची नसलेली सोयसुद्धा हातातून सोडवत नाही.

तर रायझन ठरला. रायझन ५ ९६००-एक्स, सहा कोअर, ६५ वॅट. (हे ६५ म्हणजे कंपनीचे ६५. सॉकेटमधून तो ८८ पर्यंत घेऊ शकतो. समोरच्या कंपनीचे वॅट मोजायचे नियम निराळे, त्यामुळे तुलना करायला गेलं की डोकं ताळ्यावर राहत नाही.) आता बोर्ड. मला मागच्या बाजूला भरपूर यूएसबी हवे होते, कारण स्कॅनर, मायक्रोफोन, दोन हार्ड डिस्क, प्रिंटर असा गोतावळा आहे आणि हब लावला की त्यातलं एक कुणीतरी रुसतं. शोधत शोधत एक बोर्ड सापडला. मागे एकावर एक रचलेली भोकंच भोकं, मोजून दहा. बी-८६०. लगेच टोपलीत टाकला, रॅम टाकली आणि विजयी मुद्रेने भाच्याला फोटो पाठवला.

दोन मिनिटांत फोन.

“मावशी, बी-८६० इंटेलचा आहे.”

“तूच म्हणालास ना, बी आठशे काहीतरी?”

“बी-८५०! पन्नास! साठ म्हणजे इंटेल!”

आणि मग त्याने जी कथा सांगितली ती मी पडताळून पाहिली, खरी निघाली. इंटेलच्या बोर्डांचे चिपसेट (बोर्डाचा कारभार बघणाऱ्या चिप, बोर्डाला नाव त्यांचंच) बी-१५०, बी-२५० असे चालले होते. पुढचा ओळीने बी-३५० व्हायचा. २०१७ मध्ये एएमडीने रायझनबरोबर बी-३५० हे नाव उचललं आणि इंटेलच्या आधी पाटी लावून टाकली. इंटेलला बी-३६० म्हणावं लागलं. तेव्हापासून ही शिवणापाणी चालू आहे : एएमडीचा बी-५५०, इंटेलचा बी-५६०, एएमडीचा बी-६५०, इंटेलचा बी-६६०, २०२५ च्या सुरुवातीला आले ते बी-८५० आणि बी-८६०. दहाचा फरक, आणि एकाचा प्रोसेसर दुसऱ्यावर ठेवायला गेलात तर बसणारही नाही. आकड्यांवर मालकी नसते, हे एएमडीला ३८६ च्या वेळेपासून पाठ आहे.

“आता बोर्ड बदल,” भाचा म्हणाला.

मी बदलायला गेले. माझ्या मनातल्या आकाराचे बी-८५० चे सहा बोर्ड पाहिले. कुठे सहा यूएसबी, कुठे आठ, एकावर दहा होते पण तो माझ्या कॅबिनेटमध्ये मावत नव्हता. टोपलीत तो दहा भोकांचा बोर्ड तसाच बसून होता. रात्री साडेअकराला मी टोपलीतून रायझन काढला आणि त्याच्या जागी इंटेलचा कोअर अल्ट्रा ५ टाकला. सहा तगडे कोअर, आठ काटकसरी. सॉकेटचं आयुष्य, कॅशचा मजला, छप्पन्न वर्षांचा इतिहास, तीन आठवड्यांचे आलेख सगळं एकीकडे. दुसरीकडे स्कॅनरची वायर.

ऑफिसातले सहकारी खूश झाले. “बघा, शेवटी अनुभवाचं ऐकलंत.” मी काही बोलले नाही.

भाचा दोन दिवस रागावला आणि तिसऱ्या दिवशी जोडायला आला. आला म्हणजे त्याने मला काही करू दिलं नाही. आधी जुन्या मशीनची साफसफाई. कारण ते टाकायचं नाही, त्याच्यावर विंडोजऐवजी लिनक्स घालायचं असं माझं ठरलं होतं. त्याने कूलर सोडवला, आणि सरळ न ओढता आधी डावी-उजवीकडे हलकेच फिरवला. हा धडा त्याने स्वतः घेतलेला. त्याच्या पहिल्या रायझनला पिना पोटाला होत्या, १३३१ पिना, आणि एकदा घाईत कूलर सरळ वर ओढला तर वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसरच उपटून आला. वाकलेल्या पिना त्याने शिसं काढलेल्या पेन्सिलच्या नळीने एकेक करून सरळ केल्या, सबंध संध्याकाळ. एएम-फाइव्हपासून पिना बोर्डात गेल्या, इंटेलकडे तर २००४ पासूनच. “एवढं एक त्यांनी आधी केलं,” तो म्हणाला. त्याच्या तोंडून इंटेलबद्दल चांगलं वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

जुनी पेस्ट खडूसारखी झाली होती. मऊ कापडाने पुसत गेलो तशी खाली कोरलेली अक्षरं एकेक वर आली. अकरा वर्षं हा माणूस, म्हणजे हे यंत्र, माझ्या पायाशी होतं आणि त्याचं नाव मी पहिल्यांदा वाचत होते.

नवीन मशीन तासाभरात उभं राहिलं. दहाही यूएसबी भरले. भाच्याने ते बघून नुसतीच मान हलवली. मग जुन्यासाठी पेन ड्राइव्ह करायला बसलो. मी डेबियन या लिनक्सच्या पानावर जाऊन इंटेल असं लिहिलेली फाइल शोधत होते. सापडेना. खाली-वर करून झालं. शेवटी भाच्याने माझ्या हातातून माउस घेतला, एका फाइलवर टिचकी मारली आणि खुर्चीत मागे रेलला.

फाइलच्या नावात लिहिलं होतं : एएमडी-६४.

“ही तुमच्याकडची,” मी म्हटलं. “आपला प्रोसेसर इंटेल आहे.”

“हीच लागते.”

मग सावकाश, एकेक शब्द चघळत त्याने सांगितलं. चौसष्ट बिटांवर जायची वेळ आली तेव्हा इंटेलने इटॅनियम नावाचा वेगळाच संसार मांडला होता. ३८६ आणि पेंटियम ज्या घराण्यातले, त्या जुन्याच एक्स-८६ रचनेला चौसष्ट बिटांची जोड एएमडीने दिली आणि २००३ मध्ये प्रत्यक्ष बाजारात आणली. ती सगळ्यांना रुचली, आणि २००४ पासून इंटेललाही आपल्या प्रोसेसरमध्ये तीच घ्यावी लागली. डेबियनवाल्यांनी नाव ठेवलं ते ज्याने आधी केलं त्याचं. आज इंटेलवर घाला, नाहीतर एएमडीवर.

“म्हणजे गेली अकरा वर्षं,” मी म्हटलं.

“गेली अकरा वर्षं,” तो म्हणाला.

जुनं मशीन सुरू झालं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावू लागल्या. एका ओळीत त्याने बोट ठेवलं. तिथे प्रोसेसरने आपल्या कंपनीची सही दिली होती, बारा अक्षरी, कारखान्यातच गोंदलेली : जेन्युइन इंटेल. आम्ही दोघं बघत राहिलो. टक्केवारी चाळीसवर आली होती.