पहिल्या फटक्यात का चालत नाही? – तुम्ही विचारलंत म्हणून

“मॅडम, तुमची ती सिस्टिम एवढी सुरक्षित म्हणता, मग तिच्यावर साधी गोष्टसुद्धा पहिल्या फटक्यात का चालत नाही?”

ज्यांचे सर्व्हर मी सांभाळते ते सगळे हेच विचारतात: पतसंस्थेचे व्यवस्थापक विचारतात, छापखान्याचे मालक विचारतात. परवा भाच्यानेही विचारलं. तो पुण्यात लिनक्सचे सर्व्हर सांभाळतो आणि माझ्याकडे जरा कीव आल्यासारखा बघतो. दर वेळी ‘बघते, करते’ म्हणून मी वेळ मारून नेते. आज नीट सांगते.

सिस्टिमचं नाव ओपनबीएसडी. विंडोज किंवा लिनक्ससारखीच ही एक ऑपरेटिंग सिस्टिम. नेटबीएसडी नावाच्या तशाच एका सिस्टिमच्या संस्थापकांपैकी थिओ द राट यांचं तिथल्या मंडळींशी फाटलं आणि १९९५ साली कॅनडातल्या कॅल्गरीत त्यांनी वेगळी चूल मांडली. नाव ऐकलं नसेल, पण तिथला माल जगभर चालतो. दूरच्या सर्व्हरवर शिरायला आम्ही सगळे जे ओपनएसएसएच वापरतो, ते १९९९पासून याच लोकांचं, आणि फुकट. जगाला कुलपं वाटणाऱ्या या लोकांना २०१४च्या जानेवारीत वीजबिलाचे २० हजार डॉलर जमवायला हात पसरावे लागले होते. असो, तो वेगळा विषय.

त्यांची एक फुशारकी आहे: डिफॉल्ट सिस्टिममध्ये इतक्या वर्षांत बाहेरून शिरता येईल अशी भोकं फक्त दोन निघाली. मेख ‘डिफॉल्ट’ या शब्दात आहे. नुकती बसवलेली ओपनबीएसडी जवळजवळ काहीच करत नाही. वेबसर्व्हर सोबत येतो, पण बंद. बिऱ्हाड टाकायला जावं आणि घरमालकाने प्रत्येक खोलीला कुलूप घालून किल्ल्यांचा जुडगा हातात द्यावा, तसा प्रकार. त्यामुळे इथे ‘चालत नाही’ याचे दोन अर्थ होतात. एकतर काहीतरी मोडलंय, नाहीतर सिस्टिम ‘नाही’ म्हणतेय. माझा निम्मा वेळ या दोन्हींतलं कोणतं ते ओळखण्यातच जातो.

एक उदाहरण देते. एका पतसंस्थेला हवं होतं की सभासदाने साइटवर अर्ज भरला की त्याच्या मोबाइलवर एसएमएस जावा. साइट ज्या भाषेत लिहिली त्या पीएचपीतून एसएमएसवाल्या कंपनीचा पत्ता बोलवायचा, एवढंच काम. माझ्या लॅपटॉपवर चाललं. सर्व्हरवर चढवलं, तर लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, तक्रार: हे नाव सापडत नाही. टर्मिनलवरून, म्हणजे स्वतः आज्ञा टाइप करून, तोच पत्ता मागितला तर क्षणात उत्तर. पुन्हा साइटवरून, पुन्हा नाही. नेटवरची ये-जा अडवणारा फायरवॉल तपासला, नावावरून पत्ता सांगणारा डीएनएस बदलून पाहिला, पीएचपी तीनदा बंद करून चालू केलं. दोन तास गेले. व्यवस्थापक मागे हाताची घडी घालून उभे.

मग डोक्यात उजेड पडला. टर्मिनलवर मी होते, साइटवर मी नव्हते. ओपनबीएसडीत वेबसर्व्हर आणि पीएचपी दोघांनाही ‘व्हार’मधल्या ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ या एका फोल्डरात कोंडलेलं असतं. तेवढीच त्यांची पृथ्वी, त्यापलीकडची डिस्क त्यांच्या लेखी नाहीच. नावाचा पत्ता कुणाला विचारायचा ते ‘रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ’ या फायलीत लिहिलेलं असतं, आणि ती फाइल भिंतीच्या बाहेर. तिची एक प्रत आत नेऊन ठेवली. नाव सापडलं. लगेच दुसरी तक्रार: समोरच्याचं प्रमाणपत्र, म्हणजे तो खरंच तोच आहे याचा पुरावा, तपासता येत नाही. साहजिकच, प्रमाणपत्रांची फाइलही बाहेरच होती. तीही आत नेली. व्यवस्थापकांच्या खिशात मोबाइल वाजला.

“काय झालं होतं हो?”

“दोन फायली नव्हत्या.”

“दोन फायलींना दोन तास?”

बिल देताना त्यांनी हे पुन्हा एकदा ऐकवलं. मला राग आला तो माझाच. वेबसर्व्हर कुठे कोंडलेला असतो हे मॅन पेजात, म्हणजे सिस्टिमसोबत येणाऱ्या माहितीपुस्तिकेत, स्वच्छ लिहिलेलं आहे. ओपनबीएसडीची मॅन पेजं ही खरोखर वाचायची गोष्ट आहे. इतर ठिकाणी आपण आधी गूगल करतो. इथे ती सवय अंगाशी येते, कारण सापडणारं उत्तर बहुधा लिनक्सचं असतं.

पण त्या भिंतीचा फायदाही सांगायला हवा. उद्या त्या अर्जात भोक निघालं आणि कुणी आत शिरला, तर तो त्याच फोल्डरात अडकतो. तिजोरी राहू द्या, आज्ञा टाइप करायचा साधा शेलसुद्धा तिथे त्याला हाताला लागत नाही.

नकाराचा दुसरा प्रकार म्हणजे फायरवॉल, पीएफ. तो २००१चा, डॅनियल हार्टमायर यांनी लिहिलेला; आधीच्या आयपीफिल्टर या फायरवॉलच्या परवान्यावरून वाद झाला आणि नवा लिहिण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. पीएफचे नियम माणसाला वाचता येतात हे त्याचं मोठं सुख. आणि त्याची खोड अशी की वरून खाली वाचत जाऊन जो नियम शेवटी जुळतो, तो खरा. एकदा मी घाईत फायलीच्या तळाशी एक ‘ब्लॉक’ लिहिला. व्याकरण तपासलं, बिनचूक. चढवलं, सगळं चालू. खूश होऊन लॉगआउट झाले, आणि पुन्हा शिरता येईना. चालू असलेल्या जोडण्या पीएफ नियम बदलले तरी धरून ठेवतो, म्हणून मी आत होते तोवर काही कळलं नाही. तो सर्व्हर तासगावला. सांगलीहून एसटीने गेले, एक ओळ दोन ओळी वर सरकवली आणि परत आले. तेव्हापासून नियम बदलला की पहिली खिडकी उघडी ठेवूनच दुसऱ्या खिडकीतून शिरून बघते. शिवाय दहा मिनिटांनी जुने नियम आपोआप परत चढतील अशी सोय आधी लावते. सगळं ठीक असेल तर ती हाताने काढून टाकते.

कोण कुठे अडतंय ते बघायला पीएफच्या लॉगवर टीसीपीडंप हा टेहळणीचा प्रोग्राम लावायचा. नियमात ‘लॉग’ लिहिलेलं असलं की अडवलेलं प्रत्येक पाकीट, म्हणजे माहितीचा तुकडा, नियमाच्या क्रमांकासकट डोळ्यांसमोर सरकतं. ‘इंटरनेट स्लो आहे’ छापाच्या तक्रारी मी याच्यावर मिटवते.

तिसरा प्रकार ‘प्लेज’. २०१६पासून प्रोग्राम सुरुवातीलाच शपथ घेतो की मी फक्त फायली वाचीन, नेटवर्कला हात लावणार नाही. शपथ मोडली की कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, त्याला जागच्या जागी मारतो आणि काय मोडलं त्याची एक ओळ लिहून ठेवतो. प्रोग्राम अचानक मेला तर मी आधी ती ओळ शोधते.

आता भाचा विचारतो ते, एवढा त्रास कशाला? १ जुलै २०२४ ला ओपनएसएसएचमधलं एक मोठं भोक जाहीर झालं. लिनक्सवर बाहेरून थेट रूट, म्हणजे यंत्राचा पूर्ण ताबा, मिळण्याची शक्यता होती. भाच्याची झोप उडाली. माझ्या ओपनबीएसडीच्या यंत्रांना ते लागूच नव्हतं. कारण, त्या अडचणीच्या जागी लॉग लिहायला त्यांनी २००१ सालीच जास्त सुरक्षित पद्धत काढून ठेवली होती. तेवीस वर्षांपूर्वीची कुणाची तरी किरकिर त्या दिवशी माझ्या कामी आली. (घरचा लिनक्स लॅपटॉप मात्र मीही धावत अपडेट केला.)

म्हणून सगळ्यांना ती घ्या म्हणते का? नाही. प्रोग्राम डब्यात बंद करून चालवणारं डॉकर हवं असेल तर इथे मिळणार नाही. वेगात ती लिनक्सच्या मागे पडते. २०१८मध्ये तर सुरक्षेपायी प्रोसेसरचं हायपरथ्रेडिंगच (एकाच गाभ्याकडून एकदम दोन कामं करून घेण्याची सोय) त्यांनी डिफॉल्ट बंद करून टाकलं. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते आणि दुरुस्त्या फक्त शेवटच्या दोन आवृत्त्यांना मिळतात, त्यामुळे ‘बसवली आणि विसरलो’ चालत नाही. एक आवृत्ती गाळून पुढच्या पायरीवर उडीही मारता येत नाही. मी एक अपग्रेड दिवाळीच्या सुट्टीत उरकते. सिसअपग्रेड ही आज्ञा द्यायची, फराळाचं ताट घेऊन बसायचं.

रोज सकाळी मात्र सर्व्हरची मेल वाचते. रात्री दीडला तो स्वतःची झडती घेतो, आणि महत्त्वाची फाइल बदललेली दिसली तर जुनी ओळ वजा चिन्हाने, नवी अधिक चिन्हाने दाखवतो. “मी कशालाच हात लावला नाही” म्हणणाऱ्या एका पोराला मी ती मेल नुसती पुढे पाठवली होती.

आणि खरा बिघाड? तो होतोच, आणि आमच्याकडे त्याचं नाव बहुतेक वेळा वीज. गेल्या मे महिन्यात वळवाचा पाऊस झाला, यूपीएसच्या बॅटरीने मान टाकली आणि छापखान्याचा सर्व्हर धाडकन बंद पडला. इथल्या फाइलसिस्टिमला, म्हणजे डिस्कवर फायली मांडणाऱ्या व्यवस्थेला, जर्नल (बदलांची आधी केलेली नोंद) नाही, त्यामुळे चालू होताना ती स्वतःला तपासते, आणि जमलं नाही तर हात वर करते. शिपाईमामांचा फोन आला.

“मॅडम, सगळं इंग्रजी आलंय. शेवटी ‘हेल्प’ लिहिलंय.”

खरंच तसं लिहून येतं, उद्गारचिन्हासकट.

“घाबरू नका. एंटर दाबा. आता लिहा, एफ, एस, सी, के. मग जागा सोडा. मग छोटी आडवी रेघ, तिला चिकटून वाय.”

“वाय म्हणजे यशवंतातला?”

“तोच. एंटर.”

पलीकडून बराच वेळ नुसता पावसाचा आवाज. ओळी भराभरा पळताहेत म्हणाले. मी त्यांना चहा घेऊन यायला सांगितलं. वीस मिनिटांनी पुन्हा फोन. ‘रीबूट’ची सहा अक्षरं सांगितली.

“मॅडम, आता नुसतं ‘लॉगिन’ लिहून थांबलंय. काय टाकू?”

“काही टाकू नका, मामा. हात काढा.”