आमची वाटचाल : एका चकतीवरचा कडकपणा

प्रयोगशाळेत पेशी वाढवण्यासाठी आम्ही ठरावीक कडकपणाचे जेल बनवतो. आमचा माल 18 मिलिमीटरच्या काचेच्या चकतीवर मावतो. वर कागदाइतका पातळ, पाण्याने भरलेला पॉलिअॅक्रिलामाइडच्या जेलचा थर, आणि त्यावर कोलॅजन हे प्रथिन पक्कं बसवलेलं. कोलॅजन नसेल तर पेशीला त्यावर पाय रोवता येत नाही.

मी मूळची केमिस्ट. सयाजीराव विद्यापीठातून एम.एस्सी. केलं आणि नंतर नऊ वर्षं बडोद्याजवळच्या नंदेसरीच्या एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होते. माझी मावसबहीण पेशींवर पीएच.डी. करत होती. तिला हे जेल रात्री जागून स्वतः बनवावे लागायचे, आणि जमताना त्यांच्यावर ठेवलेली काच उचलताना निम्मे फाटायचे. एका दिवाळीत ती म्हणाली, "ताई, तू केमिस्ट आहेस ना, मला एवढं करून दे." तिथून सुरुवात झाली.

ती एवढा खटाटोप का करत होती, ते मला हळूहळू उमगलं. पेशी ज्या डिशमध्ये वाढवतात त्या पॉलिस्टायरीन प्लास्टिकचा कडकपणा गिगापास्कलमध्ये असतो (पास्कल हे कडकपणा मोजायचं एकक). मेंदूचा असतो किलोपास्कलच्या आसपास, म्हणजे दहा लाख पटींहून जास्त फरक. पेशी खालची जमीन ओढून बघते आणि जमीन किती दाद देते त्यावर स्वतःचं वागणं ठरवते. 1997 साली पेलहॅम आणि वांग या संशोधकांनी अशाच जेलवर दाखवलं की मऊ आणि कडक पृष्ठावर पेशी वेगळ्या पसरतात, वेगळ्या चालतात. 2006 साली एंग्लर, डिशर आणि सहकाऱ्यांनी अस्थिमज्जेतल्या मूळपेशी घेतल्या. त्या 0.1 ते 1 किलोपास्कलवर चेतापेशींच्या वळणावर गेल्या, 8 ते 17 वर स्नायूच्या आणि 25 ते 40 वर हाडाच्या. तो पेपर मी स्वयंपाकघरात उभ्याने वाचला होता.

बडोद्याला रसायनांचा धंदा नवा नाही. इथे 1890 मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था निघाली, 1907 मध्ये अलेम्बिक ही औषध कंपनी. मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत भाड्याची शेड, काचकाम करणारे, डिस्टिल्ड वॉटर, सगळं हाताशी होतं. आम्हाला अडवलं ते पावसाळ्याने.

दुसऱ्या वर्षी एका प्रयोगशाळेतून फोन आला. तिथली विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, तुमच्या 2 आणि 8 किलोपास्कलच्या जेलवर पेशी सारख्याच दिसतायत." मी आधी तिच्याच पद्धतीत चूक शोधत बसले, याचं मला आजही वाईट वाटतं. चूक आमची होती. जेल जमवणारं अमोनियम पर्सल्फेट दमट हवेत खराब झालं होतं. जेल जमत होता, पण अर्धवट. 8 चा जेल मोजला तर 3 च्या जवळ भरला. डबीवरचा आकडा आम्ही कृतीवरून लिहिला होता, मोजून नाही. तिचे चार महिने गेले. पैसे परत केले, नवे जेल पाठवले, पण चार महिने कुठून आणणार?

तेव्हापासून आम्ही प्रत्येक घाण्याचा (एका वेळी मिसळलेल्या मिश्रणाचा) जाड नमुना वेगळा ओततो आणि एक रात्र सलाइन बफरमध्ये, म्हणजे शरीरासारख्या खारट द्रावणात, 37 अंशांवर ठेवतो. जेल फुगला की मऊ पडतो, आणि पेशीची गाठ त्या फुगलेल्या जेलशीच पडते. मग त्यावर अर्ध्या मिलिमीटरचा पोलादी छर्रा ठेवायचा आणि तो किती रुतला ते मायक्रोस्कोपचा फोकस फिरवून बघायचं. 1 किलोपास्कलच्या जेलमध्ये तो साधारण 30 मायक्रॉन रुततो, 10 च्या जेलमध्ये जेमतेम 6. पहिल्यांदा तो छर्रा हळूच खाली बसताना पाहिला तेव्हा मला आईच्या हातचा खरवस आठवला. चमचा टेकवूनच ती सांगायची, अजून पाच मिनिटं.

पर्सल्फेट आता छोट्या बाटल्यांत, डेसिकेटरमध्ये म्हणजे हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात असतं. आमच्याकडच्या बेन पाणी घातल्यावर बाटली कानाशी धरतात. ताजं असेल तर बारीक तडतड ऐकू येते. नाही आली, तर बाटली बाद. अॅक्रिलामाइड जमण्याआधी मज्जातंतूंना विषारी असतं, म्हणून ग्लोव्हजशिवाय कोणी हात लावत नाही आणि चकत्या तीनदा धुतल्याशिवाय बाहेर जात नाहीत. मे महिन्यात दुपारच्या कुरिअरला आम्ही माल देत नाही. जेल एकदा सुकला की तडकतो.

आज शेडमध्ये पाच जण आहोत. मावसबहीण पेशींची चाचणी बघते, मी ओतकाम आणि मोजमाप. सध्या ती दाब दिल्यावर हळूहळू सैल पडणाऱ्या जेलच्या मागे आहे, कारण खरं ऊतक नुसतं स्प्रिंगसारखं वागत नाही. मागणी आहे, दोघांनी आगाऊ पैसेही देऊ केले. पण लागोपाठच्या दोन घाण्यांचे आकडे अजून जुळत नाहीत, म्हणून त्या डब्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात लेबलाविना आहेत.