दिवे घाटाच्या वर, अंजिराच्या बागेत

सासवडला जाणारी बस वडकी सोडून दिवे घाट चढायला लागते, तेव्हा डाव्या-उजव्या खिडक्यांतली माणसं मोबाइलमधून मान वर काढतात. खाली मस्तानी तलाव दिसतो. मार्चमध्ये त्यात पाणी थोडंच असतं. वर विठ्ठलाची उंच मूर्ती. आषाढीच्या वारीत माउलींची पालखी हाच घाट चढून सासवडला मुक्कामाला जाते. माझ्यासोबत या वेळी वहिनी होती, माझ्या मावसभावाची बायको. दादा शहरातल्या एका व्यसनमुक्ती केंद्रातून नुकताच घरी आला आहे. उपचाराची त्याची ही पहिली खेप नाही. म्हणूनच आम्ही एक शेती बघायला निघालो होतो, जिथे दारू सोडलेली माणसं एकत्र राहतात आणि राबतात.

घाट संपला की पुरंदर तालुका सुरू होतो. दिवे, सोनोरी, गुरोळी, सिंगापूर ही अंजीर आणि सीताफळाची गावं. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तालुका पाण्याचा नाही, दुष्काळाचाच. बागा विहिरी, शेततळी आणि ठिबकवर जगतात. आम्हाला जायचं होतं त्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथे राहणाऱ्यांनी तशी विनंती केली आहे, आणि ती रास्त आहे.

फाट्यावर उतरलो. समोरच देशी दारूचं दुकान. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं, मीही काही बोलले नाही. तिथून शेत पायी थोडंसंच लांब. शेताला कुंपण आहे, फाटक आहे, कुलूप नाही.

तिथला कारभार बघणाऱ्यांना सगळे मामा म्हणतात. ते स्वतः बऱ्याच वर्षांपूर्वी दारूतून बाहेर आलेले. चहा देण्याआधीच त्यांनी वहिनीला विचारलं, "डॉक्टरांचा कागद आहे का पेशंटचा?" दवाखान्यात दारू उतरवून आलेल्या माणसालाच इथे घेतात. रोज भरपूर पिणाऱ्यानं अचानक बंद केली तर फिट येऊ शकते, भास होतात, जीवही जाऊ शकतो. ते काम डॉक्टरांचं, शेतीचं नाही, असं मामांनी दोनदा सांगितलं. मला हा माणूस तिथेच पटला. मोकळ्या हवेनं आणि मेहनतीनं व्यसन सुटतं असं सांगणारे खूप भेटतात.

अंजिराची तोडणी भल्या सकाळी असते, म्हणून आम्ही रात्री मुक्काम करून दुसऱ्या दिवशी पहाटे बागेत गेलो. अंजीर झाडावरच पिकवावं लागतं, काढल्यावर ते नीट पिकत नाही, आणि पिकलं की टिकत नाही. त्यामुळे हंगामात तोडणी रोजची. आज मन नाही म्हणून उद्या करू, ही सवड फळ देत नाही. पानं खाजरी, देठातून पांढरा चीक येतो, तो कातडीला लागला की आग होते. माणसं लांब बाह्यांचे सदरे घालून, हाताला तेल लावून काम करत होती. एका तरुण मुलाचे हात सुरुवातीला थरथरायचे, फळं चेपायची, असं शेजारचे काका म्हणाले. तो आता पाट्या भरत होता, खाली अंजिराचीच पानं अंथरून, थर लावून, एकही फळ न दाबता. वहिनी बराच वेळ त्याच्या हातांकडे बघत उभी होती.

पण मला या शेतीचं खरं मोल आदल्या संध्याकाळीच दिसलं होतं. तोडणीवालेच काका म्हणाले होते, "दारू काय, कितीदा सोडली की मी. पन सातच्या सुमाराला हात मोकळे झाले की डोकं चालू व्हायचं." घरी दादाचंही हेच होतं. दिवसभर ठीक, दिवेलागणीला येरझाऱ्या सुरू. इथे सगळा दिवस त्या वेळेच्या हिशेबानं लावला आहे. सहाला गाईंच्या धारा. मग दूध घेऊन फाट्यावरच्या संकलन केंद्रावर जायचं, म्हणजे त्या दुकानावरूनच. नेहमी जोडीनं, एक जुना आणि एक नवा. परतल्यावर मिटिंग, एए म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटात असते तशीच, गोल बसून. मग स्वयंपाक सगळ्यांनी मिळून. त्या रात्री पिठलं-भाकरी होती आणि भाकऱ्या थापणारा माणूस पूर्वी ट्रक चालवायचा. जेवणं होईपर्यंत दहा वाजून गेले होते.

पुण्याला व्यसनमुक्तीचं काम नवं नाही. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण सुरू केलं, पु. ल. देशपांड्यांच्या मदतीनं. तिथला निवासी उपचार ३५ दिवसांचा, आणि त्यानंतरचा पाठपुरावा व रुग्णांच्या बायकांचा सहचरी गट हेही उपचाराइतकेच महत्त्वाचे मानतात. तरी पस्तीस दिवसांनंतर माणूस परततो तो त्याच गल्लीत, त्याच मित्रांत. काहींना ते पेलतं. ज्यांना पुन्हापुन्हा पेलत नाही, त्यांना मधली एखादी लांब मुदतीची जागा लागते, असं माझं ठाम मत झालं आहे. इटलीत रिमिनीजवळ सान पात्रिन्यानो नावाची वसाहत १९७८ पासून आहे. तिथे माणसं तीन-चार वर्षं विनामूल्य राहतात, द्राक्षमळे राखतात, चीज करतात. पण तिच्या सुरुवातीच्या काळात काही रहिवाशांना साखळीनं बांधून ठेवल्यावरून संस्थापकावर खटला झाला होता. हे ठाऊक असल्यामुळेच फाटकाला कुलूप नाही हे मी आधी पाहिलं.

पैशांचंही मी स्पष्ट विचारलं. व्यसनी माणसाकडून फुकट राबवून घेणं आणि त्याला उपचार म्हणणं मला मान्य नाही. इथे कामाची मजुरी मिळते. जेवणाखाणाचा खर्च वजा करून उरलेली रक्कम घरी, बायकोच्या किंवा आईच्या खात्यावर जाते. हातात रोकड पहिले काही महिने नाही. वही मामांनी आमच्यासमोर ठेवली. स्लिप झालेल्यांची, म्हणजे पुन्हा प्यायलेल्यांचीही नोंद त्यात होती. परत आले का, असं विचारलं, तर म्हणाले, "काही आले. येतो त्याला पहिलं जेवायला घालायचं. हिशेब दुसऱ्या दिवशी."

घरी आल्यावर दादानं जेवणाबद्दल, कामाबद्दल काहीच विचारलं नाही. "निघायचं म्हटलं तर सोडतात का?" एवढंच. फाटकाचं सांगितलं. त्यावर तो म्हणाला, आधी पंधरा दिवस राहून बघतो. वहिनीला मात्र तिथे रविवारी भेटायला येणाऱ्या बायकांशी बोलायचं आहे, तो गेल्यावर घरात काय काय होतं ते त्यांच्याकडून ऐकायचं आहे. म्हणून येत्या रविवारी आम्ही तिघंही जाणार आहोत.