एकाच जागी झिजणारा टायर

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर ठाण्यात चरईतल्या माझ्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात एक मुलगा सायकल ढकलत आला. मागचं चाक पार बसलेलं. पोखरण रोडला राहतो, ऐरोलीला नोकरी. कळवा पूल, विटावा, दिघा असा रोजचा रस्ता. म्हणाला, "काका, तीन महिन्यांत दुसरा टायर गेला. मालच खराब आहे. तुम्ही बघून सांगा, मी दुकानदाराकडे जाऊन भांडतो."

टायर उतरवला. तसा तो जवळजवळ नवाच होता, वरची नक्षी शाबूत. फक्त एका जागी चार बोटं रुंदीचा पट्टा असा घासला गेला होता की रबर संपून आतलं कापड दिसत होतं आणि तिथेच ट्यूब बाहेर येऊन फुटली होती. माल खराब असता तर भेगा पडल्या असत्या, कडेची तार सुटली असती, कुठेतरी फुगवटा आला असता. इथे उरलेल्या टायरला काहीच झालं नव्हतं.

पहिला संशय रिमवर. चाक स्टँडवर चढवून फिरवलं, आऊट, म्हणजे वाकडा, नव्हता. फ्रेम कुठे घासते का पाहिलं, तेही नाही. मग ब्रेकच्या रबरांकडे बघायला गेलो तर सायकलला ब्रेकच नव्हते, ना पुढे ना मागे. पेडल उलटं फिरवलं तर चाकही उलटं फिरलं. पाय थांबले तरी चाक फिरू देणारं फ्रीव्हील नाही, कॉग म्हणजे मागचं दात्यांचं चाक सरळ हबवर, चाकाच्या मधल्या भागावर, आवळलेलं. फिक्सी.

"थांबतोस कसा?"

"पाय आवळतो ना काका. दोन्ही पेडलं आडवी आली की अंग जरा पुढे टाकायचं आणि पाय दाबून धरायचे. चाक लॉक होतं, घसटत थांबतं."

"पुढे कुठला पाय?"

"उजवा. नेहमी उजवाच."

उत्तर तिथेच होतं, पण मला लगेच दिसलं नाही. तीस वर्षं हाताखालून गेल्या त्या सगळ्या फ्रीव्हीलच्या सायकली. त्यांत पेडलाचा आणि चाकाचा संबंध दर उताराला तुटतो आणि ब्रेक लागतो तो चाक जिथे असेल तिथे. घासला तरी टायर चहूकडून सारखा घासतो. असा एका जागी खाल्लेला टायर मी कधी पाहिलाच नव्हता.

मुलाच्या पिशवीत पहिला टायरही होता, भांडताना पुरावा म्हणून आणलेला. त्याच्यावर झिजलेल्या जागा दोन, वेगवेगळ्या ठिकाणी. विचारलं, "मध्ये कधी चाक काढलं होतंस?" म्हणाला, एकदा पंक्चर काढलं होतं. म्हणजे चाक परत बसवताना चेन वेगळ्या दात्यावर पडली आणि झीज नव्या जागी सुरू झाली. टायरचा दोष असता तर तो चाकाबरोबर उतरला असता आणि चाकाबरोबरच चढला असता. ही झीज चेन कुठल्या दात्यावर पडते त्यावर ठरत होती.

मग दाते मोजले. पुढे ४८, मागे १६. फाटलेल्या टायरवरच खडूने खूण केली, चाक सायकलला लावलं, सायकल उलटी ठेवली आणि त्याला पेडल सावकाश एक पूर्ण फेरा फिरवायला लावलं. चाक बरोबर तीन वेळा फिरलं आणि खूण होती तिथेच येऊन उभी राहिली. दुसरा फेरा, पुन्हा तिथेच. दहा फेरे केले तरी खूण हलेना. तो कळवा पुलाच्या उतारावर थांबो की विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली, उजवा पाय पुढे असला की टायरचा तोच चार बोटांचा तुकडा रस्त्याला लागणार.

मुलगा खाली बसून त्या खुणेकडे बघत राहिला. म्हणाला, "म्हणजे रोज शंभर वेळा एकच जागा?" तेच तर. दुकानदाराशी भांडण तिथे मिटलं.

आता कॉग बदलायचा, पण कितीचा? माझा हात आपसूक १८ कडे गेला. वडिलांपासून दुकानात जी उंच काळी सायकल येते तिला पुढे ४८ आणि मागे १८, हीच जोडी डोक्यात बसलेली. सांगून टाकणारच होतो, पण खडू हातात होता म्हणून आधी हिशेब केला. ४८ भागिले १८ म्हणजे ८ भागिले ३. पेडलाच्या तीन फेऱ्यांनी खूण परत मूळ जागी येते. म्हणजे एकाऐवजी तीन जागा झिजल्या असत्या. टायर तिप्पट टिकला असता हे खरं, पण ते काही खरं उत्तर नाही.

अपूर्णांक जिथवर जाईल तिथवर छोटा करायचा. खाली जो आकडा उरेल तितक्या जागांवर झीज वाटली जाते. मागे १७ ठेवले तर ४८ आणि १७ ला कशानेच भाग जात नाही, म्हणून १७ जागा. १९ ठेवले तर १९. पाय आलटूनपालटून वापरला असता तर १६ च्या कॉगवरही एकाच्या दोन जागा झाल्या असत्या, पण रहदारीत पाय ज्याला सवय आहे तोच पुढे येतो. त्याच्या भरवशावर टायर सोडता येत नाही.

टायरच्या अंगाने १७ आणि १९ दोन्ही चालले असते. निवड करायला लावली त्याच्या गुडघ्याने. बोलता बोलता तो म्हणाला होता की संध्याकाळी पोखरण रोडचा चढ चढताना उजवा गुडघा धरतो. त्याच्या चाकाचा घेर धरला तर ४८/१६ ला पेडलाच्या एका फेऱ्यात सायकल ६.३ मीटर जाते. आपली काळी सायकल २८ इंची चाकावरही सहा मीटरच्या आतबाहेर, आणि दुधाचे कॅन लावणारे तीही जड म्हणून वडिलांकडून मागे २० नाहीतर २२ बसवून घ्यायचे. चढावर ताशी १२ किलोमीटरने जाताना या मुलाचं पेडल मिनिटाला जेमतेम ३२ वेळा फिरत होतं. इतक्या सावकाश फिरणाऱ्या पेडलावर सगळा भार गुडघा उचलतो. १९ लावला तर एका फेऱ्याला ५.३ मीटर आणि त्याच वेगाला ३८ फेरे. फरक आकड्यात लहान दिसतो, पायाला लहान लागत नाही.

उताराला याच्या उलट. फिक्सीवर पाय सोडून बसता येत नाही, चाक फिरेल तसे पाय फिरतात. ताशी ३५ ला ९३ फेरे होत होते तिथे आता ११० होणार. म्हणून मी त्याला स्पष्ट सांगितलं, पुढचा ब्रेक लागल्याशिवाय ही सायकल माझ्या दुकानातून बाहेर जाणार नाही. थांबताना भार पुढच्या चाकावर येतो, मागचं हलकं पडतं आणि घसटत जातं. पावसात तर विचारूच नका. त्याला ब्रेक नको होता, सायकल साफ दिसायला हवी होती. त्या एका गोष्टीवर मी त्याचं ऐकलं नाही. ऐरोलीच्या रस्त्यावर ट्रक असतात आणि घरी त्याची आई असते.

१९ चा फिक्स कॉग माझ्याकडे नव्हता, मागवावा लागणार होता. पण त्याच्या हबला दोन्ही बाजूंना आटे होते. दुसऱ्या बाजूला त्या दिवशीपुरतं १८ चं फ्रीव्हील चढवलं, फ्रेमला भोकं होतीच म्हणून दोन्ही ब्रेक लावले, नवा टायर घातला आणि चाक उलटं करून बसवलं. पूर्वीच्या शर्यतींत हेच करायचे. टूर द फ्रान्समध्ये गिअर बदलायची यंत्रं १९३७ साली चालू दिली, त्याआधी घाटाच्या पायथ्याशी उतरून चाक फिरवून लावायचे. चेन तीच पुरली. मागे एक दाता वाढला की अक्सल खाचेत तीन मिलिमीटर पुढे येतो, आणि खाच लांब होती.

कॉग आला तेव्हा बसवला. त्याला जागी धरणारी वरची लॉकरिंग उलट्या आट्याची असते. पाय आवळला की कॉग सुटायच्या दिशेने जातो आणि त्याच झटक्याने रिंग आणखी घट्ट होते. ही रिंग नसलेल्या, साध्या फ्रीव्हीलच्या हबवर कॉग चढवून देणारे आहेत. मी कोणालाही तसं करून देत नाही.

सहा आठवड्यांनी तो पुन्हा आला, मीच बोलावलं होतं. टायर बोटांनी चाचपत पूर्ण फिरवला. झीज होती, पण सगळीकडून, बोटाला कुठेच खड्डा लागेना. गुडघ्याचं विचारलं, तर चढावर आता उभं राहावं लागत नाही म्हणाला. लॉकरिंगला पाना लावला, केसभर सरकली. तेवढी कसली आणि सायकल त्याच्या हातात दिली.