तुम्ही विचारलंत म्हणून: इथली मुलं सोडून काठमांडूला कशाला?

"इथले पोट्टे काय कमी हाय का मॅडम, म्हणून तिकडं नेपाळात जाता?" नातवाची दाढ दाखवायला आलेल्या एका आजींनी परवा नागपुरात, धरमपेठेतल्या माझ्या दवाखान्यात हे विचारलं. नातेवाईक विचारतात, कॉलेजातले जुने सर विचारतात, शेजारच्या काकूही विचारतात. प्रश्न रास्त आहे, म्हणून एकदा नीट उत्तर देते.

मी लहान मुलांच्या दातांची डॉक्टर आहे. वर्षातले थोडे दिवस मी काठमांडूला शिबिरात असते. तिथली मुलं पूर्वी रस्त्यावर राहायची, आता संस्थांच्या घरांत राहतात, शाळेत जातात. मी जाते कारण मला बोलावलं गेलं. आमच्या डेंटल कॉलेजात माझ्या मागे एक नेपाळी मुलगा शिकायला होता. आज तो तिथे प्रॅक्टिस करतो आणि या मुलांचे दात वर्षभर फुकट बघतो. काम साचलं होतं, आणि घाबरलेल्या मुलाला हाताळायची सवय असलेले हात त्याला हवे होते.

तो तिथे आहे, हीच माझी जाण्याची अट आहे. काढलेल्या दाढेची जागा चार दिवसांनी ठणकू शकते, दातात भरलेलं सिमेंट निघू शकतं. तेव्हा मुलाने कुणाकडे जायचं? मागे कुणी राहणारच नसेल, तर अशा शिबिराला मी जाणार नाही. नेपाळ मेडिकल कौन्सिलची परवानगी घेतल्याशिवाय मी हत्यारालाही हात लावत नाही. गरिबाचं तोंड ही कुणाच्या सरावाची जागा नाही, हे मी माझ्या विद्यार्थ्यांनाही ठासून सांगते. साहित्यही शक्य तेवढं तिथल्याच दुकानातून घेतो, म्हणजे आम्ही निघाल्यावर त्याला तेच पुन्हा मिळतं.

आता त्या तोंडांबद्दल. रस्त्यावरचं मूल पोट भरतं ते गोड चहावर, बिस्किटावर, कुणी दिलेल्या चॉकलेटवर. भूक मारायला ते चिकटवायचा डिंक पिशवीत ओतून नशेसाठी हुंगतं. थंडीत, भीतीत झोप यावी म्हणूनही हुंगतं. त्याने तोंड कोरडं पडतं, आणि लाळ कमी झाली की कीड फोफावते. मारामारीत, पडण्यात पुढचे दात तुटलेले असतात. सहाव्या वर्षी येणारी पहिली पक्की दाढ तर बहुतेकांची पोखरलेली. आपल्याकडच्या सुशिक्षित घरांतही तिला दुधाची समजून "पडणारच आहे" म्हणतात. त्यांच्याकडे तर ती बघायलाही कुणी नव्हतं.

इलाज साधे आहेत आणि मला ते मनापासून आवडतात. मशीन न लावता हाताच्या हत्यारांनी कीड खरवडून ग्लास आयोनोमर सिमेंट भरायचं, ही पद्धत 1980च्या दशकात टांझानियात आकाराला आली. मशीनची घरघर नाही, म्हणून मूल दचकत नाही. दुसरं औषध सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड. किडलेल्या जागी ब्रशने लावलं की कीड थबकते, सुई टोचावी लागत नाही. मात्र ती जागा काळी पडते, हे मुलाला आधी आरशात दाखवून सांगावं लागतं, कारण समोरचा दात काळा झालेला मोठ्या मुलीला चालेलच असं नाही. 2021 साली जागतिक आरोग्य संघटनेने ते सिमेंट आणि हे औषध, दोन्ही आवश्यक औषधांच्या यादीत घेतली. काही दाढा मात्र वाचत नाहीत, त्या काढाव्याच लागतात.

पण खरं काम याच्या आधीचं असतं. यातल्या कित्येक मुलांना मोठ्या माणसांनी धरून मारलंय, कुणाला त्याहून वाईट भोगावं लागलंय. त्याला आडवं झोपवायचं, डोळ्यांवर दिवा सोडायचा, अनोळखी माणसाने तोंडात बोटं घालायची. आपल्याला ही दाताची तपासणी वाटते, त्याच्या अंगाला ती वेगळीच वाटते. एक बारा-तेरा वर्षांचा मुलगा खुर्चीवर झोपायलाच तयार नव्हता. हिरडीवर पुवाची पुळी होती आणि तो ती रोज काडीने स्वतःच फोडत होता. मग मी त्याला भिंतीला टेकून प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. आरसा त्याच्या हातात दिला, सुई दाखवली, ती कुठे टोचणार तेही दाखवलं. ठरलं एवढंच: त्याने हात वर केला की मी थांबायचं. त्याने इंजेक्शनच्या आधीच हात वर केला. मी थांबले. पुन्हा केला, पुन्हा थांबले. दुखत नव्हतं, तो मला तपासत होता. खात्री पटल्यावर त्याने तोंड उघडलं ते दाढ निघेपर्यंत मिटलं नाही. दुसऱ्या दिवशी खुर्चीशी उभा राहून तोच धाकट्यांना हाताचा नियम समजावत होता.

रस्त्यावर वाढलेल्या मुलाने "थांब" म्हटलं आणि मोठं माणूस थांबलं, हे त्याच्या आयुष्यात फार थोड्यांदा घडलेलं असतं. दाढ कुणीही काढू शकेल. त्या थांबण्यासाठी मी एवढ्या लांब जाते.

आणि नागपूर? विचारणाऱ्याला वाटतं, मी इथलं सोडून तिथे जाते. तसं नाही. हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही मार्ग आपल्या स्टेशनात एकमेकांना छेदतात, त्यामुळे घर सोडलेली मुलं चारही दिशांनी इथे उतरतात. 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन होतो, बालकल्याण समितीपुढे मूल उभं राहतं, मग बालगृह. उरलेलं वर्ष मी त्या मुलांचे दात बघते. इथे डिंकाच्या जोडीला खर्रा आहे, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण. सुपारीने गाल आतून कडक होतात आणि तोंड उघडेनासं होतं. एरवी उघड्या तोंडात स्वतःची तीन बोटं उभी मावतात. माझ्यासमोर मिसरूडही न फुटलेली अशी पोरं बसतात, ज्यांची दोनच मावतात. हे बघून मला रात्री झोप लागत नाही, खरंच सांगते. काठमांडूला जी सवय अंगी बाणली, हात वर झाला की थांबायची, तीच इथे रोज कामी येते.

काही जण पुढे विचारतात, आम्हीही चलू का काठमांडूला? डॉक्टर असाल तर जरूर बोलू. नसाल तर नागपुरात एक अडचण आहे, ती सांगते. मेडिकलच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात या मुलांवर उपचार होऊ शकतात, पण रूट कॅनॉलसाठी दोन-तीन खेपा लागतात, आणि बालगृहातल्या काळजीवाहक ताई एका मुलासाठी अख्खी सकाळ बाकीच्यांना सोडून जाऊ शकत नाहीत. उपचार अर्धवट राहतो आणि शेवटी ती दाढ काढावीच लागते. एका मुलासोबत ओपीडीच्या रांगेत बसायला, पुढच्या तारखेला पुन्हा यायला कुणी तयार असेल, तर मला सांगा. बालगृहाच्या परवानगीचं मी बघते.