चकजवळची वीतभर जागा

आमच्या व्यवसायाची सुरुवात लेथचं, म्हणजे धातूचा जॉब फिरवत कातणाऱ्या मशीनचं, सुटं सामान विकण्यापासून झाली: जॉब पकडणारा चक, हत्यार धरणारा टूल पोस्ट, जॉबला टेकू देणारा सेंटर. सामान न्यायला येणारे हौशी कारागीर जाता जाता विचारायचे, ‘एक जुना लेथ बघून ठेवलाय, सांगतात ती किंमत बरोबर आहे का?’ त्याचं नीट उत्तर द्यायचं तर मशीन बघायला जावं लागायचं. आम्ही जात राहिलो आणि मूल्यांकन हेच आमचं मुख्य काम झालं.

विकणारा वय सांगतो, नवा रंग दाखवतो. आम्ही आधी बेड, म्हणजे मशीनचे भाग ज्यावर सरकतात तो लांब पाया, बघतो, तोही चकजवळचा. छोट्या लेथवरचे बहुतेक जॉब आखूड असतात. हत्यार घेऊन सरकणारी कॅरेज वर्षानुवर्षं चकजवळच्या वीतभर जागेतच पुढेमागे होते, त्यामुळे झीज तिथेच होते. टेलस्टॉककडचा, म्हणजे चकच्या समोरच्या टोकाचा, बेड जवळपास कोरा राहतो. म्हणून कॅरेज चकपाशी आणून जिब (सरकत्या भागातला ढिलेपणा काढणारी पट्टी) आवळायची, कॅरेज जेमतेम सरकेल इतपतच, आणि मग हळूहळू टेलस्टॉककडे न्यायची. वाटेत ती जड होत होत अडकली, तर बेड किती खाल्ला गेलाय ते हातालाच कळतं. आमचा निम्मा निर्णय इथेच होतो. हत्यार आडवं सरकवणाऱ्या क्रॉस स्लाइडच्या हँडलमधल्या प्लेवरून, म्हणजे ढिलेपणावरून, लोक तासभर घासाघीस करतात, पण तिचा नट बदलता येतो. बेड ग्राइंड करून घेण्याचा खर्च मात्र छोट्या मशीनला बहुधा परवडत नाही.

स्पिंडलचं, म्हणजे चक फिरवणाऱ्या दांड्याचं, वेगळं. चकमध्ये जाड बार धरून डायल गेज (बारीक हालचाल सुईने दाखवणारं मापक) स्पिंडलवर टेकवायचा आणि बार वर उचलून बघायचा. सुई हलली की लगेच भाव पाडणं आम्हाला पटत नाही. १९४६ साली बाजारात आलेल्या मायफर्ड एमएल ७ या लेथमध्ये व्हाइट मेटलची (मऊ मिश्रधातूची) बेअरिंग असतात आणि शिम (पातळ पत्र्या) कमी करून त्यांचा ढिलेपणा काढता येतो. बॅक गिअर (स्पिंडलचा वेग कमी करणारे गिअर) मात्र हाताने पूर्ण फेरी फिरवून बघायचाच. स्पिंडलच्या आट्यांवर घट्ट बसलेला चक काढताना बॅक गिअर अडकवून हिसका देणारे खूप असतात, आणि दात तिथेच जातात.

किंमत सगळ्यात जास्त वरखाली होते ती सोबतच्या खोक्यामुळे. चार जॉ चक, वेडावाकडा जॉब बांधायची फेस प्लेट, लांब जॉबला आधार देणारी स्टेडी, आटे पाडताना बदलायचे चेंज गिअर हे एकेक करून विकत घ्यायला गेलात, तर मशीनइतकाच खर्च होऊ शकतो. लीड स्क्रू (आटे पाडताना कॅरेज सरकवणारा स्क्रू) इंची मापाचा असेल तर १२७ दातांचा गिअर आहे का, हे आम्ही आवर्जून शोधतो. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, आणि २५४ ही १२७ ची दुप्पट, त्यामुळे अचूक मेट्रिक आटे पाडायला तोच लागतो.

हल्ली अहवालात आम्ही दोन आकडे देतो: पूर्ण मशीनचा आणि सुटं करून विकल्यास येणारा. दुसरा कधीकधी मोठा निघतो, आणि तो लपवणं योग्य नाही. तरीही चांगल्या बेडचा लेथ आम्ही स्वतः कधीच सुटा करत नाही. तसं घसघशीत गिऱ्हाईक आलं तरी नाही. विकण्याआधी त्यावर एक बार टर्न करतो, दोन्ही टोकांचा व्यास मायक्रोमीटरने मोजून आकडे कागदावर लिहितो आणि तो बार मशीनसोबतच देतो.