चिखल दिसतो, कच दिसत नाही

पावसाळ्यात संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेने ठाण्यातल्या येऊरच्या डोंगराचा उतार उतरून उपवन तलावाशी आलेली माउंटन बाइक पाहिली की लोकांना तिची कीव येते, कारण फ्रेमपासून सीटच्या तळापर्यंत तिच्यावर तांबड्या मातीचा लेप चढलेला असतो. माझ्या मते हा दिसणारा चिखल फारसा उपद्रवी नाही. उपद्रव करते ती त्यातली बारीक कच, आणि तिला आत शिरायला वाट बहुधा आपणच करून देतो.

पहिली वाट तेलाची. साखळी कुरकुरली की तिच्यावर तेलाची धार धरायची, हा आपल्याकडचा सर्वमान्य उपाय आहे. परंतु साखळीला तेल हवे असते ते आतल्या पिना आणि रोलर यांच्यामध्ये. बाहेरच्या पट्ट्यांवर राहिलेले तेल केवळ कच धरून ठेवते, आणि हे मिश्रण म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह घासून बसवण्यासाठी मेकॅनिक वापरतात ती पेस्टच होय. म्हणून प्रत्येक रोलरवर एकेक थेंब सोडावा, पेडल उलटे फिरवून तो मुरू द्यावा आणि मग साखळी बाहेरून कोरड्या फडक्याने निपटून पुसावी. झीज पाहायला साधी पट्टी पुरते. नव्या साखळीच्या २४ कड्या पिनेपासून पिनेपर्यंत बरोबर १२ इंच भरतात. ती लांबी इंचाच्या सोळाव्या भागाने वाढली की झीज अर्ध्या टक्क्यावर आली असे समजावे. ११ किंवा १२ गिअरची साखळी तेव्हाच बदललेली बरी, नाहीतर ती मागच्या चाकावरची महागडी कॅसेटही, म्हणजे दातेरी चकत्यांचा संचही, खाते.

दुसरी वाट पाण्याच्या जोराची. हब (चाकाचा मध्य), हेडसेट (हँडलखालचा सांधा) आणि बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या दांड्यांमधला आस) यांच्या बेअरिंगांची रबरी सील शिंतोडे अडवतात, जेट नव्हे. जेटचे पाणी आत शिरून ग्रीस धुऊन नेते आणि कच तेवढी मागे ठेवते. आमच्या सोसायटीचे वॉचमन काका पाइपाचे टोक अंगठ्याने दाबून धार मारतात आणि "साहेब, असं मारलं की लगेच निघतंय," असे समजावतात. मी दर वेळी विनवणी करून त्यांना अंगठा काढायला लावतो. बादली आणि मऊ ब्रश यांनी वेळ जास्त लागतो, हे खरे.

फोर्कच्या, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या दबत्या चिमट्याच्या, चकचकीत नळ्या जिथे खाली शिरतात, तिथे नळी पुसणाऱ्या रबरी वायपर सीलच्या काठाशी मातीचे बारीक कडे जमते. ते बोटाला गुंडाळलेल्या ओल्या फडक्याने टिपावे, फोर्क दोन-चार वेळा दाबावा आणि वर आलेली मळाची रेघ पुन्हा टिपावी. तिथे स्प्रे मारण्याचा मोह मात्र आवरावा, कारण ब्रेकची डिस्क शेजारीच असते आणि तेल प्यायलेले ब्रेक पॅड सहसा टाकूनच द्यावे लागतात.

माती तिथवर उडूच नये यासाठी पंक्चरवाल्याने टाकून दिलेली ट्यूब उभी चिरावी आणि तिचा तुकडा फोर्कचा क्राउन (वरचा जोड) व चाकावरची कमान यांच्यामध्ये झिप टायने (प्लॅस्टिकच्या बंदाने) बांधावा. फोर्क मोकळा असताना तो जेमतेम ताठ राहील एवढाच असावा, नाहीतर फोर्क दबताच सैल रबर टायरला घासते. महागड्या फोर्कला हे ठिगळ शोभत नाही, असे मित्र म्हणतात. शोभेसाठीच सायकल घ्यायची असती तर मी ती हॉलमध्ये टांगली असती.

राहता राहिला सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा. मागच्या चाकाचे गढूळ पाणी तो आवळणाऱ्या क्लॅम्पच्या खाचेतून फ्रेममध्ये उतरते, म्हणून पोस्ट बाहेर काढून सायकल उलटी करावी आणि निथळू द्यावी. काढण्याआधी उंचीची खूण म्हणून टेप लावलेली बरी, नाहीतर पुढच्या चढाला गुडघे तक्रार करतात.